जित्या माणसांची हजेरी

भाऊ,

तुमच्या तेरवीच्या पंगती उठल्या आणि हात धुता धुताच दिवाकरभाऊंनी मला गाठून सांगितलं, की तुमचा फोटो मोठा करायला टाकला आहे. चांगल्या सागवानी फ्रेममध्ये, काच लावून. "वाचनालयाच्या वरच्या हॉलात मधल्या भिंतीवर लावू," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याले दिसला पायजे." त्यांचे डोळे भरून आले होते, म्हणून मी तिथे काही बोलले नाही. मी गप्प बसले म्हणजे माझं डोकं फिरलेलं असतं, हे तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही. तुम्ही असता तर लगेच म्हणाला असता, "बोलून टाका ग्रंथपालबाई, नाई तं रातभर पोटात गोळा उठल."

पण तुम्ही नव्हता. जेवण तुमच्याच नावाचं होतं. मी हात पुसले, वहिनींना निघते म्हणून सांगितलं आणि घरी आले. घरी येऊन मात्र भांडी जरा जोरातच आपटली.

तुमचा फोटो, भाऊ! तोही वरच्या हॉलमध्ये! ज्या माणसानं त्या हॉलमधून फोटो हद्दपार केला, त्याचाच?

मी वरोऱ्याहून इथे आरमोरीला ग्रंथपाल म्हणून आले तेव्हा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मोडक्या खुर्च्या आणि वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. मी कापसाच्या गावची. इथे सगळीकडे धानाच्या बांध्या, घरात तिन्ही त्रिकाळ भात, बाजारात ओळखीचं कोणी नाही. पहिल्या पावसाळ्यातच मी परत जायचं ठरवलं होतं. तेवढ्यात एक दिवस तुम्ही वर आलात, खुर्च्या एका कोपऱ्यात सरकवल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "ही भिंत काऊन रिकामी आहे?" जणू काही मीच ती रिकामी करून ठेवली होती. चित्रकलेचे मास्तर म्हणून तुम्ही नुकतेच निवृत्त झाला होता आणि गावात कोणाच्याही भिंतीची चौकशी करायचा तुम्हाला हक्क आहे असं तुम्हाला वाटत होतं.

मग तुम्ही स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, 'कलादालन'. ती जिन्याखाली लावली. बाजाराच्या दिवशी एक म्हातारे शेतकरी खांद्यावर पोतं घेऊन जिना चढून आले आणि मला म्हणाले, "कलाबाई हायेत का?" मी म्हटलं, कोण कलाबाई? ते म्हणाले, "खाली लिवलं आहे ना, कलाचं दालन." तुम्ही हसला नाहीत. त्यांना खुर्ची दिलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "कलाबाई बाहेर गेली. बसा, तिनं काढलेली चित्रं पाहून घ्या." ते बसले. एकेक चित्र नीट पाहिलं. जाताना म्हणाले, "पोरगी हुशार आहे." त्यानंतर कितीतरी महिने आपण दोघं त्या हॉलला कलाबाईच म्हणत होतो. कलाबाईला झाडलं का, कलाबाईला कुलूप लावलं का. परत जायचं माझं कुठे राहून गेलं, मला कळलंही नाही.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. त्या पाटीमुळे मी राहिले. आता सांगते.

फोटोचं प्रकरण पहिल्याच मोठ्या प्रदर्शनातलं. जैवंताबाई मडावींच्या गावात तुम्ही कुठल्याशा लग्नाला गेला होता आणि त्यांच्या घराची भिंत बघून जेवायचं विसरलात. पांढऱ्या मातीवर गेरूनं काढलेली हरणं, मोर, हात धरून नाचणारी माणसं. तुम्ही प्लायवूडच्या फळ्या नेल्या, त्यावर मातीचा हात द्यायला लावला, आणि जैवंताबाईंनी घरच्या भिंतीसारखीच त्यांच्यावर चित्रं काढली. त्यांचा मान राहावा म्हणून तुम्ही त्यांचा फोटोही काढून घेतलात, मोठा केलात, फ्रेम करून चित्रांच्या मधोमध लावलात. खाली सुबक अक्षरात नाव.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्याच गावचे एक बुढे बाबा आले. फोटो पाहिला. दारातच चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले. मग माझ्याकडे वळून दबक्या आवाजात विचारलं, "कवा गेली?"

मी म्हटलं, "कोण?"

"जैवंता. आत्ताच तं मोहाखाली भेटली होती."

जैवंताबाई नेमक्या मागच्या जिन्यानं चहा घेऊन वर येत होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अवो बाबा, मी इथी हावो!" बाबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पण त्यांच्याआधी कोणीतरी तो फोटो पाहून गावाकडची बस धरली होती. संध्याकाळी जैवंताबाई घरी पोचल्या तेव्हा अंगणात माणसं बसलेली, नवरा डोक्याला हात लावून. पुढच्या वेळी त्यांनीच हे आपल्याला सांगितलं, "माह्याच घरी लोक माह्याच मातीले आले होते. मी म्हटलं, आता आलेच आहा तं चहा घेऊन जा."

तुम्ही हसून हसून खाली बसलात. मीही. पण हसून झाल्यावर तुम्ही उठलात, स्टुलावर चढलात आणि तो फोटो उतरवलात.

"आपलं काय चुकलं सांगू का बाई," तुम्ही म्हणालात. "आपल्या घराईत फ्रेमीत कोण असते? देव, नाई तं गेलेला माणूस. जित्या माणसाले आपण भिंतीवर कधी जागाच नाई दिली. मंग लोकाईले दुसरं काय वाटल?"

तेव्हापासून तुमचा नियम झाला, या हॉलमध्ये जित्या माणसाचा फोटो लावायचा नाही. फ्रेम नाही, काच नाही. चित्रं दोरीला चिमट्यांनी लावायची, वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आणि उद्घाटनाला फीत नाही, दिवा नाही. तुम्ही शाळेतल्यासारखी हजेरी घ्यायचात. एकेकाचं पूर्ण नाव, खणखणीत आवाजात, आणि ज्याचं नाव त्यानं उभं राहून "हजर" म्हणायचं. म्हणजे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं की हे चित्र काढणारं माणूस जितं आहे आणि इथेच उभं आहे.

पाहुण्यांना सुरुवातीला गंमत वाटायची. पण भाऊ, मला ते "हजर" अजून ऐकू येतं. भद्रावतीच्या कॉलनीतले ते निवृत्त कामगार, बस बदलत बदलत पेन्सिलीनं काढलेले वाघ घेऊन यायचे. ते ताडकन उभे राहून "येस सर" म्हणायचे. कुंभारवाड्यातली मंदा पदर तोंडाशी धरून इतकं हळू म्हणायची की तुम्ही तिला परत बोलवायचात, "अजून गैरहजर आहे ही. जोरात!" आणि जैवंताबाई. त्यांचं नाव तुम्ही नेहमी शेवटी घ्यायचात आणि आधी म्हणायचात, "आता आमच्या गेलेल्या बाई." त्या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "हजर! अन भाऊले पोचवूनच जाईन." सगळा हॉल हसायचा.

ते खरं झालं म्हणून मी आता त्यांच्याकडे बघायला घाबरत होते.

आपली भांडणं काही कमी नव्हती. लोक आता तुमच्याबद्दल फार गोड बोलतात, मला ते सहन होत नाही. तुम्ही हट्टी होता. मी 'चित्रांना हात लावू नये' अशी पाटी लावली की ती दुसऱ्या दिवशी गायब व्हायची. तुम्हाला स्वतःचं एखादं चित्र लावा म्हटलं की अंगावर यायचात. तरुणपणी तुम्ही नाटकांचे पडदे रंगवले होते, जंगलाचे, राजवाड्याचे, रस्त्याचे. "माही चित्रं रातभर हजारो माणसाईनं पाह्यली," तुम्ही म्हणायचात. "तुमच्या हॉलात बसून वीस माणसाईसाठी काऊन लटकू?" मी म्हणायचे, गर्व आहे तुम्हाला. तुम्ही म्हणायचात, "आहेच." ते पडदे आता कुठेच नाहीत. एखादा तरी ठेवायचा होता हो.

आणि मोठं भांडण पोरांचं. गेल्या काही वर्षांत खाली जागा पुरेनाशी झाली. पोलीस भरतीची, वनरक्षकाची, तलाठ्याची तयारी करणारी मुलं-मुली जिन्यावर बसून अभ्यास करतात. मुली जास्त, घरी त्यांना बसायला कोपरा मिळत नाही. मी म्हणत होते, वरचा हॉल रिकामा असतो तेव्हा त्यांना द्या. तुम्ही ऐकायलाच तयार नव्हता. "एकदा टेबलं आली की दालन गेलं. पोरं भिंतीकडं पाठ करून बसतील. चित्र टांगाले जागा मागाल तं म्हणतील, परीक्षा झाल्यावर या." मी म्हटलं, "चित्रांना नोकरी लागत नाही भाऊ, मुलींना लागायची आहे." तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीत. मग एक दिवस काही झालंच नाही अशा थाटात शिंगाड्यांची पिशवी टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "पुढचं प्रदर्शन भिंतीचं."

"भिंतीचं म्हणजे? भिंत काय टांगणार आहात?"

"भिंत टांगा लागत नाई बाई. भिंत उभीच आहे. जैवंताबाई अन त्याईच्या गावच्या चार बाया येतील. ही अख्खी भिंत शेणमातीनं सारवायची, पांढरी माती लावायची अन त्यावर काढायचं. धान निंघाले की येतो म्हणाल्या."

मी म्हटलं, वाचनालयाची समिती तुम्हाला शेण लावू देणार नाही. तुम्ही शिंगाडा सोलत म्हणालात, "पाहू."

त्यावरच आपलं बोलणं संपलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात. ते भांडण मी अर्ध्यात घेऊन बसले आहे. जिंकले की हरले ते सांगायला कोणी नाही.

तेरवीनंतर समितीची बैठक झाली. दिवाकरभाऊंनी ठराव मांडला, की वरच्या हॉलमध्ये तुमच्या नावाची अभ्यासिका करावी. तुमच्या स्मरणार्थ. मधल्या भिंतीवर तुमचा फोटो, खाली नाव, उजेडासाठी नवे दिवे, टेबलं-खुर्च्या. दिवाकरभाऊ आता सचिव असले तरी तुमच्या वर्गातला दिवाकर त्यांच्यातून गेलेला नाही. शाळेत तुम्ही त्याच्या आंब्याच्या चित्राला "हा आंबा आहे की बटाटा" म्हणाला होता, ते त्यांनी बैठकीतही सांगितलं. सगळे गहिवरले. एकानं नाक पुसलं. अध्यक्ष म्हणाले, याहून चांगलं स्मारक नाही.

मी विचारलं, "आणि दालनाचं काय?"

"दालन तं भाऊंमुळंच होतं," अध्यक्ष म्हणाले. "आता कोण करणार?"

"भाऊंचं नाव लावून तुम्ही भाऊंचंच दालन बंद करून राह्यले," मी म्हटलं. रागात माझी भाषा वरोऱ्याला जाते.

दिवाकरभाऊ दुखावले. "बाई, तुमीच तं म्हणत होत्या ना, पोराईले जागा द्या म्हणून? भाऊसोबत याच्यावरून किती भांडल्या तुमी. आता देऊन राह्यलो तं तुमालेच नाई पटत?"

ते खरं होतं. मी दुसरी बाजू धरली. "त्या हॉलमध्ये फोटो लावायचा नाही हा भाऊंचाच नियम आहे."

"जित्या माणसाचा नाई लावायचा," दिवाकरभाऊ म्हणाले. "माहीत आहे मले. आता भाऊ जिते नाई, बाई."

भाऊ, तुमच्या जाण्यानंतर तोवर मी रडले नव्हते. दवाखान्यात नाही, घाटावर नाही. त्या वाक्यावर मात्र मला खिडकीकडे तोंड करावं लागलं. तुमच्याच नियमात तुम्ही बसला होता, अगदी चौकटीत.

तोंड परत वळवलं तेव्हा मी एवढंच म्हणाले, की भिंतीचं प्रदर्शन भाऊंनी ठरवलेलं आहे, बायांना शब्द दिलेला आहे, धान निघाले आहेत. ते होऊ द्या. त्यानंतर अभ्यासिकेचं, फोटोचं, सगळ्याचं बोलू. आणि शेणाचं नाव मी मुद्दाम काढलं नाही. अध्यक्षांनी हो म्हटलं. मेलेल्या माणसाच्या शब्दाला नाही म्हणायचं धाडस कोणात नसतं, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. तुम्ही शाबासकी दिली असती.

जैवंताबाई निरोप पोचताच आल्या. बरोबर सगुणा हलामी, रुखमा उसेंडी आणि आणखी दोघी. डोक्यावर मातीची टोपली, पिशवीत गेरू, बादल्या इथूनच मागितल्या. त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा मी खाली बघत होते. त्यांनी माझी हनुवटी धरून वर केली. "भाऊले पोचवूनच जाईन म्हणत होती ना मी," त्या म्हणाल्या. "मस्करीत म्हणत होती वो बाई. खरंच पोचवाची नव्हती मले." आणि त्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून मोकळ्या झाल्या. मीही झाले. मग त्यांनी पदरानं माझं तोंड पुसलं आणि विचारलं, "शेण कुठी भेटल?"

भिंतीचा गुळगुळीत रंग खरवडायला दिवसभर गेला. अभ्यासाची मुलं जिन्यावरून वर डोकावत होती. एका मुलीनं विचारलं, "बाई, आम्ही खरवडू का?" मी लोखंडी पट्ट्या दिल्या. भूगोलाची पुस्तकं कंबरेला खोचून त्यांनी भिंत खरवडली. सगुणाबाईंनी त्यांना शेणमातीत हात घालायला शिकवलं. पोलीस भरतीवाल्यांनी आधी नाकं मुरडली, मग स्पर्धाच लागली कोणाचा हात सरळ बसतो त्याची. मी तुमच्या जागी स्टुलावर बसून हे बघत होते आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ते आलं.

तुम्ही म्हणायचात, टेबलं आली की चित्रांची जागा गेली. पण भिंत कुठेच जात नाही, भाऊ. तिला दोरी नको, फळ्या नको, जमीन नको. हे तुम्हीच ठरवलं होतं आणि तुम्हालाच दिसलं नव्हतं! की दिसलं होतं? शिंगाडे घेऊन तुम्ही तेच सांगायला आला होता का? सरळ कबूल करायला तोंड उघडत नव्हतं म्हणून 'पाहू' म्हणालात का? आता मी हे कोणाला विचारू?

दिवाकरभाऊ आले तेव्हा भिंत ओली होती. पांढऱ्या मातीचा दुसरा हात चालला होता. त्यांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुमचा फोटो, खिशात खिळा, हातात हातोडी. ते दारातच थबकले. हॉलभर शेणाचा वास.

"हे काय करून राह्यल्या बाई? वाचनालयाच्या भिंतीले शेण?"

"भाऊंनी ठरवलं होतं," मी म्हटलं.

"अन फोटो कुठी लावू?"

जैवंताबाईंनी हात न थांबवता सांगितलं, "ठोका ना इथी मधात. मातीले भेग पडल, तं पडल. आमी परत लिपू. मंग परत पडल."

दिवाकरभाऊंनी ओल्या भिंतीकडे बघितलं. हातोडी खाली ठेवली. जैवंताबाईंनी हात धुतले, त्यांच्याकडून फोटो घेतला आणि कागद उलगडला. तुमचा तो शाळेच्या निरोपसमारंभातला फोटो, टोपी सरळ, चेहरा पडलेला. मग त्या फोटोशीच बोलल्या, "मले जितेपणी फोटोत बसवलं होतं भाऊ तुमी. मी निंघून आली. आता सोता जाऊन बसले, तं या ना बाहेर."

दिवाकरभाऊ जिन्यात गेले. मी त्यांच्या मागे गेले. ते पायरीवर बसले होते, अभ्यासाच्या मुलांच्या मध्ये, त्यांच्यातलेच एक झाल्यासारखे. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. हॉल मुलांना देऊ. टेबलं येऊ देत, दिवे येऊ देत. पण टेबलं भिंतीकडे तोंड करून लावायची, पाठ करून नाही. पाटी 'कलादालन'च राहील. दर वर्षी धान निघाल्यावर ही भिंत खरवडायची, सारवायची आणि नवी माणसं बोलवायची. त्या दिवसांत मुलं हात मातीत घालतील, अभ्यास नंतर. आणि फोटो लावायचा नाही.

"भाऊनं ऐकलं असतं का हे?" त्यांनी विचारलं.

"नाही. भांडले असते. पण आता मी ऐकणार नाही."

ते थोडं हसले. समितीपुढे हे मी नाही, त्यांनीच मांडलं, आणि मंजूर करून घेतलं. फोटो घेऊन ते वहिनींकडे गेले तर वहिनी म्हणाल्या, "एक आहे घरी. दोन दोन काय करू, एकच पुरे झाला मले जन्मभर." शेवटी तो फोटो ते आपल्याच घरी घेऊन गेले. "माहे गुर्जी होते," म्हणाले. "माह्या घरी राहू द्या." मला वाटतं, तो योग्य ठिकाणी आहे. तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

काल उद्घाटन झालं. भिंत तुम्हाला दाखवायला हवी होती. हरणं नेहमीची, मोर नेहमीचे, पण खाली रुखमाबाईंनी एक रांग काढली आहे, वह्या घेऊन बसलेल्या मुलींची, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. भरतीवाल्या पोरींनी त्यातली आपली आपली ओळखली आणि त्यावरून भांडल्यासुद्धा. टेबलं लावलेली होती. गर्दी इतकी की लोक टेबलांवरही बसले.

अध्यक्षांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू म्हटलं. मी म्हटलं, आधी हजेरी.

आवाज तुमच्यासारखा नाही लागत माझा. तरी पूर्ण नाव घेतलं. "जैवंताबाई मडावी." मी त्यांचं पहिलं घेतलं, कारण शेवटी घ्यायची माझी हिंमत नव्हती.

"हजर!"

"सगुणा हलामी."

"हजर!"

मी पुढचं नाव घेणार तेवढ्यात जैवंताबाईंनी मला थांबवलं. सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून. "अन भाऊचं नाव काऊन नाई घेत?"

मी हातातली यादी खाली केली.

"इतके साल त्याईनं आमची हजेरी घेतली," त्या म्हणाल्या. "त्याईची कोणी घेतलीच नाई. घ्या ना."

भाऊ, मला तेव्हा तुमचा फार राग आला. पण हॉल माझ्याकडे बघत होता, आणि त्या बरोबर होत्या. मी नाव घेतलं, तुम्ही घ्यायचात तसं, खणखणीत.

"मोरेश्वर भोयर."

खालून बस गेली, तिचा आवाज विरून गेला. दिवाकरभाऊ जमिनीकडे बघत होते. दारातल्या पोरी टाचा उंच करून जिन्याकडे बघत होत्या, खरोखर कोणी येतंय की काय म्हणून. कोणीच "हजर" म्हणालं नाही. मी 'गैरहजर' म्हणाले नाही. जेवढं थांबता आलं तेवढं थांबले.

मग पुढचं नाव घेतलं.